संहितांचे स्थलांतर आणि पॅकेजांचा सांभाळ

ग्रंथालयातील एखादा ग्रंथ एका दालनातून दुसऱ्या दालनात हलविला, तर त्याचा शोध घेणाऱ्याला थोडी पायपीट करावी लागते. ग्रंथातील मजकुरात मात्र काही फरक पडत नाही. संगणकाच्या आज्ञावलींची गोष्ट निराळी आहे. आज्ञावलीची संहिता एका भांडारातून दुसऱ्या भांडारात नेताना पुष्कळदा तिच्या इतिहासाची भाषाच बदलावी लागते, त्या इतिहासातील प्रत्येक नोंदीला नवे नाव मिळते, आणि जुन्या नावांनी केलेले सारे उल्लेख निराधार होतात. मुक्तस्रोत आज्ञावलींच्या क्षेत्रात अशी स्थलांतरे गेल्या पंचवीस वर्षांत वारंवार झाली आहेत. त्यांचा भार ज्यांच्यावर पडतो, तो पॅकेज-पालकांचा वर्ग सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीस क्वचितच पडतो. या वर्गाचे काम नेमके काय असते, आणि भांडार बदलले म्हणजे त्यात काय अडते, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम काही संज्ञा स्पष्ट करणे इष्ट होईल. आज्ञावलीचा लेखक जी संहिता लिहितो ती मूळ संहिता. व्यवहारात तिला सोर्स कोड म्हणतात. ही संहिता सतत बदलत असते. कोणी, केव्हा, कोणत्या ओळी बदलल्या आणि का बदलल्या, याची वही ठेवणारे साधन म्हणजे आवृत्ती-नियंत्रण प्रणाली. ही वही आणि संहिता जेथे सर्वांना पाहावयास ठेवलेली असते ते भांडार, आणि अशी असंख्य भांडारे आपल्या यंत्रांवर सांभाळणारी ती यजमान संस्था. १९९९ मध्ये सुरू झालेले सोर्सफोर्ज, २००६ मधले गूगल कोड आणि २००८ मधले गिटहब ही यजमानांची ठळक नावे होत. वापरकर्ता मात्र सहसा भांडारापर्यंत जात नाही. तो डेबियन किंवा फेडोरा यांसारखे एखादे वितरण वापरतो. त्या वितरणातील कोणी स्वयंसेवक मूळ संहिता घेऊन, ती तपासून, अवश्य त्या दुरुस्त्या करून तयार पॅकेजच्या रूपाने त्याच्या हाती देतो. हा स्वयंसेवक म्हणजे पॅकेजचा पालक. मूळ लेखक प्रवाहाच्या वरच्या अंगाला असतो, वापरकर्ता खालच्या अंगाला, आणि पालक मध्ये. वरून पाणी येण्याचा मार्ग बदलला की पाट नव्याने खणण्याचे काम त्याच्याच वाट्याला येते.

भाषाभ्यासकाला हे काम अगदीच अपरिचित वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, किंवा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ पर्यंत सिद्ध केली, तेव्हा प्रश्न हाच होता की हाती आलेल्या पाठाचे मुळाशी नाते काय. तथापि हे साम्य फार ताणता येत नाही. हस्तलिखितांच्या संपादकापुढे मूळ प्रत नसते. पिढ्यानपिढ्यांच्या नकलांवरून तिचा अदमास बांधावयाचा असतो. पॅकेज-पालकापुढे मूळ प्रत आज असते, आणि ती उद्याही त्याच पत्त्यावर त्याच रूपात असेल याची शाश्वती नसते. संपादकाला भूतकाळ जुळवावा लागतो, पालकाला मुळाशी असलेला धागा चालू काळातच तुटू न देता पुढे न्यावा लागतो.

आवृत्ती-नियंत्रणाच्या प्रणाली एकमेकींपासून केवळ सोयींच्या बाबतीत भिन्न आहेत असे नव्हे. ‘बदल’ कशाला म्हणावे याविषयीची त्यांची कल्पनाच भिन्न आहे. १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत निर्माण झालेली एस. सी. सी. एस. आणि १९८२ च्या सुमाराची आर. सी. एस. या प्रणालींच्या दृष्टीने बदल होतो तो एकेका फाइलमध्ये. १९८६ पासून विकसित झालेल्या सी. व्ही. एस.ने अनेकांना एकत्र काम करण्याची सोय दिली खरी, परंतु क्रमांक मात्र फाइलगणिक वेगळेच ठेवले. एका दोषाची दुरुस्ती करताना दहा फाइलींना हात लागला, तर तिच्या वहीत दहा सुट्या नोंदी होत. त्या दहा मिळून एक कृती आहे, हे वहीला ठाऊक नसे. २००४ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघालेल्या सबव्हर्जनने ही उणीव दूर केली: तिच्यात संपूर्ण भांडाराला एकच चढता क्रमांक असतो, आणि एका कृतीने तो एकानेच वाढतो. २००५ मध्ये आलेल्या गिट आणि मर्क्युरियल या प्रणालींनी मध्यवर्ती भांडाराची कल्पनाच बाजूला सारली. प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण इतिहास. आणि गिटमध्ये नोंदीचे नाव म्हणजे क्रमांक नव्हे, तर त्या नोंदीच्या आशयावरून गणिताने काढलेली चाळीस चिन्हांची एक मुद्रा.

तेव्हा एका प्रणालीतून दुसरीत जाणे हे नक्कल करण्याचे नव्हे, भाषांतराचे काम आहे, आणि भाषांतरातल्या सगळ्या अडचणी त्यात उपस्थित होतात. मुळात जे सांगितलेलेच नाही ते लक्ष्यभाषेच्या व्याकरणाला हवे असेल तर काय करावयाचे? सी. व्ही. एस.मधून गिटमध्ये जाताना दहा सुट्या नोंदींची एक कृती बनवावी लागते. परिवर्तक साधने ती तर्काने बनवितात: लेखक एकच, टिपण एकच, आणि वेळा काही मिनिटांच्या आतल्या, म्हणून कृती एकच. तर्क बहुधा बरोबर ठरतो. कधी चुकतो, आणि चुकला तर जे कधीच घडले नाही असे एक रूप इतिहासात कायमचे बसते. सबव्हर्जनमध्ये लेखकाचे केवळ एक आखूड खातेनाव असते. गिटला पूर्ण नाव आणि पत्ता लागतो. म्हणून परिवर्तनापूर्वी कोणीतरी बसून, वीस वर्षांपूर्वी दोन-चार दुरुस्त्या करून निघून गेलेल्या मंडळींची यादी जमवावी लागते. उलट बाजूने, मुळात जे आहे ते लक्ष्यभाषेत मावत नाही असेही होते. सबव्हर्जनला रिकामी निर्देशिका ठाऊक असते, गिटला नसते. सबव्हर्जनमधील शाखा म्हणजे संकेताने ठरविलेली एक निर्देशिका. तो संकेत मोडून केलेली एखादी जुनी शाखा गिटमध्ये कशी उतरवावी, याला यांत्रिक उत्तर नाही.

गिटची मुद्रा ही आणखी एक कठोर अट घालते. प्रत्येक नोंदीची मुद्रा काढताना तिच्या आधीच्या नोंदीची मुद्राही हिशेबात धरली जाते. त्यामुळे परिवर्तनानंतर दहा वर्षांपूर्वीच्या एका नोंदीतील लेखकनाम दुरुस्त करावयाचे म्हटले, तर त्या नोंदीची आणि तिच्या पुढच्या सर्व नोंदींची नावे बदलतात. दुरुस्ती करावयाची ती आधी. एकदा भांडार खुले केले आणि लोकांनी त्यातील मुद्रांचा हवाला देण्यास प्रारंभ केला, की चूक जपणे हेच शहाणपणाचे ठरते.

लिनक्सच्या कर्नेलबाबत याहून सोपा मार्ग पत्करला गेला. २००२ पासून त्याचे काम बिटकीपर या खाजगी मालकीच्या प्रणालीत चाले. तिचा विनामूल्य वापराचा परवाना २००५ मध्ये काढून घेण्यात आला, आणि त्या अडचणीतूनच लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये गिट लिहिण्यास घेतले. नव्या भांडारात त्यांनी मागील इतिहास आणला नाही. त्या दिवशीची संहिता ठेवून नवी वही उघडली. पूर्वीचा इतिहास इतरांनी मागाहून जमवून वेगळ्या भांडारांत ठेवला आहे. परिणाम असा की कर्नेलमधील एखादी जुनी ओळ कोणी लिहिली हे मुख्य भांडाराला विचारले, तर ते एप्रिल २००५ च्या भिंतीपाशी येऊन थांबते. ज्या प्रकल्पाने सर्वांना गिट दिले, त्याच्याच गिटमध्ये त्याचे आरंभीचे आयुष्य नाही, हे थोडे चमत्कारिक खरे.

स्थलांतरांचा सर्वांत बोलका इतिहास पायथन या संगणकभाषेचा आहे. तिची संहिता सोर्सफोर्जवर सी. व्ही. एस.मध्ये होती, २००५ मध्ये ती स्वतःच्या यंत्रावरील सबव्हर्जनमध्ये, मार्च २०११ मध्ये मर्क्युरियलमध्ये आणि १० फेब्रुवारी २०१७ रोजी गिटहबवरील गिटमध्ये गेली. दोषनोंदींची वही याहून वेगळ्या गतीने हलली. ती २००७ मध्ये सोर्सफोर्जवरून पायथनच्या स्वतःच्या स्थळावर आली, आणि एप्रिल २०२२ मध्ये गिटहबवर गेली. संहितेची चार घरे आणि दोषनोंदींची तीन, आणि त्यांच्या तारखा परस्परांशी जुळणाऱ्या नाहीत. आता बदलांच्या टिपणांत ‘अमुक क्रमांकाचा दोष पाहा’ असा उल्लेख असतो. हा क्रमांक कोणत्या वहीतला? २०१७ पूर्वी हा प्रश्न सहसा पडत नसे, कारण आठव्या वर्गात ‘पान चाळीस काढा’ म्हटल्यावर कोणत्या पुस्तकाचे हे सांगावे लागत नाही. गिटहबवर मात्र नुसत्या क्रमांकाचा अर्थ गिटहबवरील स्वतःची नोंद असाच लावला जातो. म्हणून जुन्या वहीतील क्रमांकांना ‘बी. पी. ओ.’ असा उपसर्ग लावण्याची प्रथा पडली, आणि २०२२ नंतरच्या क्रमांकांना ‘जी. एच.’ हा. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, जे दर्शक सर्वनामासारखे केवळ संदर्भाने समजत होते, त्याला विशेषनाम द्यावे लागले. जुनी वही आता केवळ वाचनासाठी उघडी आहे आणि तिच्यातील प्रत्येक नोंदीवरून गिटहबवरील प्रतिरूपाकडे जाता येते. हे काम कोणी आपसूक केलेले नाही. त्यासाठी रीतसर प्रस्ताव मांडले गेले, त्यांवर कित्येक महिने चर्चा झाली, आणि विरोधही झाला.

ईमॅक्सच्या बाबतीत अशाच संदर्भांची सोडवणूक निराळ्या रीतीने झाली. त्याचा इतिहास आर. सी. एस. आणि सी. व्ही. एस.मधून २००९ च्या अखेरीस बझारमध्ये व नोव्हेंबर २०१४ मध्ये गिटमध्ये आला. शेवटच्या परिवर्तनात एरिक रेमंड यांनी टिपणांतील बझारच्या क्रमांकांच्या जागी नोंदीचा क्षण व नोंदकर्त्याचा पत्ता यांचा जोड घातला. या जोडाला कोणत्याच प्रणालीची गरज नाही. गिटनंतर आणखी काही आले तरी तो वाचता येईल. जी. सी. सी. या संकलकाचा प्रकल्प जानेवारी २०२० मध्ये सबव्हर्जनमधून गिटमध्ये आला, तेव्हा तेथील लोकांना चढत्या क्रमांकांची उणीव इतकी भासली की त्यांनी गिटच्या मुद्रांवर पुन्हा स्वतःचे क्रमांक चढविले. मुद्रा निःसंदिग्ध असते, पण दोन मुद्रांपैकी आधीची कोणती हे डोळ्यांना सांगत नाही. माणसाला नावातून क्रम हवा असतो, ही गोष्ट प्रणालीच्या कर्त्यांनी गृहीत धरली नव्हती.

हे सर्व प्रकल्पांनी स्वेच्छेने, आपल्या सवडीने केलेले स्थलांतर होय. यजमानच दार लावतो तेव्हा सवड नसते. गूगल कोड बंद होणार असे १२ मार्च २०१५ रोजी जाहीर झाले. ऑगस्टपासून तेथे लेखन थांबले आणि २५ जानेवारी २०१६ रोजी भांडारे मिटली. बिटबकेटचे प्रकरण अधिक तीव्र. हा यजमान २००८ मध्ये मर्क्युरियलसाठीच उभा राहिला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याने मर्क्युरियलचा त्याग जाहीर केला, आणि जुलै २०२० पासून तशी भांडारे काढून टाकण्यात आली. ज्यांचे लेखक जागे होते ती संहिता हलली. जे लेखक अन्य कामांत गुंतले होते, किंवा हयात नव्हते, त्यांच्या संहितेचा वाली कोण? येथेच पॅकेज-पालकाचे महत्त्व प्रत्ययास येते. मूळ लेखकाने आपले भांडार सोडून दिले तरी वितरणात त्याची शेवटची प्रत शिल्लक असते, आणि पुष्कळदा तीच एकमेव जिवंत प्रत ठरते.

पालकांचे स्वतःचे घरही सुरक्षित नव्हते. डेबियनचे पालक आपल्या पॅकेजांच्या वह्या ॲलिऑथ नावाच्या यजमानावर ठेवीत. २००३ मध्ये सुरू झालेल्या या स्थळावर सी. व्ही. एस., सबव्हर्जन, बझार, मर्क्युरियल, गिट अशा नाना प्रणाली एकत्र नांदत. २०१८ च्या मध्यास ॲलिऑथ बंद झाले आणि त्याची जागा साल्साने घेतली. साल्सावर गिट तेवढे चालते. वरकरणी ही एका यंत्राची निवृत्ती होती. प्रत्यक्षात तिचे धागे किती दूर पोहोचले होते ते पाहण्यासारखे आहे. डेबियनच्या प्रत्येक पॅकेजमध्ये एक नियंत्रण-पत्रक असते. त्यात पालकाचा पत्ता आणि भांडाराचा पत्ता लिहिलेला असतो, आणि हे पत्रक पॅकेजबरोबर जगभरच्या संगणकांवर जाते. भांडार हलले तरी छापून गेलेली पत्रके हलत नाहीत. गिटच्या जुन्या पत्त्यांवर येणाऱ्याला साल्साकडे वळविण्याची व्यवस्था काही स्वयंसेवकांनी उभारली. सबव्हर्जनमधील ज्या वह्या कोणी परिवर्तित केल्या नाहीत, त्या गठ्ठे बांधून अभिलेखागारात ठेवल्या गेल्या: नष्ट नव्हेत, पण चालू वापरातूनही बाहेर.

पालकाच्या पत्त्याचा प्रश्न अधिक नाजूक निघाला. अनेक पॅकेजांचे पालकत्व व्यक्तीकडे नसून एखाद्या गटाकडे असते, आणि पत्रकात त्या गटाच्या ॲलिऑथवरील टपालयादीचा पत्ता असे. डेबियनच्या धोरणानुसार पालकाचा पत्ता चालू असलाच पाहिजे. यादी बंद पडली की पॅकेजमध्ये एकही अक्षर न बदलता ते सदोष ठरते. ज्या गटांनी मागणी केली त्यांच्या याद्या स्वयंसेवकांनी नव्या जागी चालू ठेवल्या. ज्यांनी केली नाही त्यांच्या पॅकेजांवर गंभीर दोषाच्या नोंदी झाल्या. कित्येक पॅकेजे वर्षानुवर्षे कोणीही सांभाळीत नव्हते, ही गोष्ट अशा रीतीने पत्ता मोडल्यामुळे उजेडात आली. स्थलांतराचा हा लाभच म्हणावयाचा, जरी तो कोणी मागितलेला नव्हता.

मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती निघाली की नाही, हे पाहण्यासाठी पॅकेजमध्ये ‘वॉच’ नावाची एक छोटी फाइल असते. कोणत्या पत्त्यावर, कोणत्या आकृतिबंधाच्या नावाचा गठ्ठा शोधावयाचा, हे तीत लिहिलेले असते. यजमान बदलला की ही फाइल निकामी होते, आणि तिच्या निकामी होण्याची तऱ्हा घातक असते: यजमानाने जुने पान तसेच ठेवले असेल, तर ती चूक दाखवीत नाही, ‘नवे काही नाही’ एवढेच सांगत राहते. मूळ प्रकल्प नव्या घरी तीन आवृत्त्या काढून मोकळा होतो, त्यांत सुरक्षेच्या दुरुस्त्याही असतात, आणि वितरणातील वापरकर्ता जुन्याच संहितेवर निश्चिंत असतो.

आवृत्तींच्या नावांतही एक गंमतीदार खड्डा आहे. मूळ प्रकल्प रीतसर आवृत्ती काढीत नसेल, तर पालक भांडारातून त्या दिवशीची संहिता उचलतो आणि आवृत्तीक्रमांकाला प्रणालीचे नाव जोडतो: जसे, ‘१.० अधिक एस. व्ही. एन.’ आणि पुढे क्रमांक. प्रकल्प गिटमध्ये गेला की तो सहजच ‘१.० अधिक गिट’ आणि पुढे तारीख असे लिहितो. डेबियनची तुलना-पद्धती मात्र अक्षरांचा भाग इंग्रजी वर्णानुक्रमाने लावते, आणि त्या क्रमात ‘जी’ हे अक्षर ‘एस’च्या आधी येते. परिणामी नवी संहिता जुन्यापेक्षा जुनी ठरते आणि कोणाच्याही संगणकावर बसत नाही. यावर उपाय आहेत. परंतु प्रणालीचे नाव हे संहितेच्या नावाचा भाग करावयाचे नसते, हा धडा पुष्कळांनी या खड्ड्यात पडूनच घेतला.

येथवर वर्णिलेल्या अडचणी कष्टाच्या आहेत. पुढील दोन प्रसंग विश्वासाशी संबंध असलेले आहेत. पालक मूळ संहिता गठ्ठ्याच्या रूपाने उतरवून घेतो आणि तिची मुद्रा टिपून ठेवतो. पुन्हा उतरविलेल्या गठ्ठ्याची मुद्रा तीच आली, तर संहिता अविकृत आहे असे मानतो. पूर्वी हा गठ्ठा लेखक स्वतः बांधी. गिटहबने मागणीनुसार आपोआप गठ्ठा बांधून देण्याची सोय केली, आणि अनेकजण त्या गठ्ठ्यांवर विसंबू लागले. ३० जानेवारी २०२३ रोजी गिटहबने गिटची नवी आवृत्ती स्वीकारली. तीत गठ्ठा आवळण्याची रीत किंचित बदललेली होती. संहितेतील एकही अक्षर बदलले नव्हते. दोरीची गाठ तेवढी वेगळी पडली. परंतु मुद्रा गठ्ठ्याची असते. ती बदलताच जगभरच्या बांधणी-यंत्रणा ‘संहितेत फेरफार झाला आहे’ अशी हाकाटी करून थांबल्या. काही तासांतच तो बदल मागे घेण्यात आला. पाठ तोच आणि प्रत निराळी, हा ग्रंथसंपादनातील प्राथमिक भेद. तो न ओळखता उभारलेली व्यवस्था किती ठिसूळ असते ते त्या दिवशी दिसले.

दुसरा प्रसंग याच्या नेमका उलट आहे: प्रत तीच भासत होती आणि पाठ निराळा होता. एक्स-झेड या संकोचन-आज्ञावलीचा सांभाळ दीर्घकाळ एकच व्यक्ती स्वतःच्या स्थळावरून करीत असे. पुढे एका टोपणनावी सहकाऱ्याने दोन-अडीच वर्षे चिकाटीने काम करून सहपालकत्व मिळविले, आणि गठ्ठे प्रसिद्ध करण्याचे काम गिटहबवर, त्याच्या हाती आले. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या गठ्ठ्यांत बांधणीची एक फाइल अशी होती की ती भांडारात त्या रूपात नव्हतीच. भांडारातील चाचणीच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या फाइलींत दडविलेला घातक अंश ही फाइल बाहेर काढी, आणि दूरच्या संगणकात शिरण्याची गुप्त वाट उघडी. भांडार वाचणाऱ्याला हे पूर्णपणे दिसत नव्हते, कारण पॅकेजे भांडारावरून नव्हे, गठ्ठ्यावरून बांधली जात होती. दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा छडा लावताना आंद्रेस फ्रॉइंड यांना हा प्रकार सापडला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी तो जाहीर केला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो तोवर पोहोचला नव्हता. चाचणीच्या शाखांत मात्र शिरला होता.

यानंतर जे घडले तेही ध्यानात घेण्यासारखे आहे. गिटहबने खबरदारी म्हणून ते भांडारच बंद केले. त्यामुळे ज्या घटकेला जगभरच्या पालकांना नोंद न नोंद तपासावयाची होती, त्याच घटकेला मुख्य दार लागले. मूळ लेखकाच्या स्वतःच्या स्थळावर भांडाराची दुसरी प्रत होती आणि अनेकांच्या संगणकांवर संपूर्ण इतिहास होता, म्हणून काम चालू राहिले. प्रत्येक प्रतीत संपूर्ण इतिहास हे गिटचे तत्त्व असूनही, व्यवहारात सर्वांनी एकाच यजमानाला मूळ मानण्याची सवय लावून घेतली आहे. ही सवय सोयीची आहे. सुरक्षित आहे असे म्हणणे कठीण.

मराठीच्या वापरकर्त्याशी या साऱ्याचा संबंध दूरचा नाही. लोहित हे देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांचे अक्षरसंच रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. ‘लोहित’ म्हणजे तांबडा, तेव्हा नावातच दात्याची खूण आहे. त्यांचे घर फेडोरा होस्टेड या यजमानाकडे होते. तो फेब्रुवारी २०१७ च्या अखेरीस बंद झाला आणि लोहित पॅग्युअर या नव्या स्थळी गेले. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा असा आहे. नाव ठेवणाऱ्याला पुढची चाल ठाऊक असावी. कारण डिसेंबर २०२४ मध्ये फेडोराने पॅग्युअरऐवजी फोर्जेजो ही प्रणाली स्वीकारण्याचे ठरविले. टेसरॅक्ट या अक्षर-ओळख आज्ञावलीची वाटचाल अशीच आहे: एच. पी.च्या प्रयोगशाळेत जन्म, २००५ मध्ये मुक्तता, मग गूगल कोड आणि त्यानंतर गिटहब. छापील मराठी पुस्तकाचे पान संगणकाला वाचता यावे म्हणून लागणारी मराठीची प्रशिक्षित सामग्री तिच्या मुख्य संहितेत नसून वेगळ्या भांडारात असते, आणि डेबियनमध्येही तिचे वेगळे पॅकेज आहे. जो संशोधक आपल्या लेखात ‘टेसरॅक्टने वाचन केले’ एवढेच लिहितो, त्याचे वाचन पाच वर्षांनी दुसऱ्याला जसेच्या तसे करून पाहता येणार नाही. संहितेची आवृत्ती आणि सामग्रीची आवृत्ती ही दोन्ही, आणि तीही मुद्रेसह, नमूद व्हावयास हवीत. यजमानाचा पत्ता देणे पुरेसे नाही, हे वरील इतिहासावरून उघड आहे.

पत्त्यावाचून नाव देण्याचा सर्वांत व्यापक प्रयत्न फ्रान्समधील इन्रिया या संस्थेने २०१६ मध्ये प्रकट केलेल्या सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहाचा आहे. निरनिराळ्या यजमानांकडील सार्वजनिक भांडारे हा संग्रह इतिहासासह उतरवून घेतो. बिटबकेटवरील मर्क्युरियलची भांडारे पुसली जाण्यापूर्वी त्याने ती वाचविली. त्यातील प्रत्येक फाइलला, निर्देशिकेला आणि नोंदीला आशयावरून निघणारा एक परिचयांक दिला जातो. संहिता कोठेही असो, कोणत्याही यजमानाकडे जावो, आशय तोच असेल तर परिचयांक तोच येतो, आणि तो कोणीही स्वतः काढून पडताळू शकतो. २०२५ मध्ये या परिचयांकांना आयएसओचे १८६७० क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. मात्र या संग्रहाचा विषय संहिता आणि तिचा इतिहास एवढाच आहे. अमुक ओळ का लिहिली गेली, कोणाचा आक्षेप होता, कोणता पर्याय टाकून दिला, ही चर्चा दोषनोंदींत आणि टपालयाद्यांत असते, आणि ती आजही यजमानागणिक, त्याच्या मर्जीवर राहिली आहे. पायथनने ती स्वतःच्या खटपटीने हलविली. गूगल कोडवरील प्रकल्पांची ती चर्चा गूगलनेच अभिलेखरूपाने ठेवली आहे. ॲलिऑथवरील ज्या याद्यांसाठी कोणी मागणी केली नाही, त्यांच्या पत्त्यावर धाडलेले पत्र परत येते.